गिअर बॉक्स तापतो तेव्हा : आधी मोजणी, मग पाना

लहान ट्रॅक्टर हा आता आपल्या शेतीत नवखा पाहुणा राहिलेला नाही. नाशिक व सांगली जिल्ह्यांतील द्राक्षबागांतून, सोलापूरकडील डाळिंबाच्या बागांतून आणि इतरत्र भाजीपाल्याच्या शेतांतून अठरा ते अठ्ठावीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सर्रास दिसतो. आठ-दहा फुटांच्या ओळींतून तो ब्लोअर ओढतो, रोटाव्हेटर फिरवितो, शेणखत वाहतो व माल रस्त्यापर्यंत आणून देतो. पूर्वी ज्या कामास बैलजोडी व चार माणसे लागत, ते काम आज एक माणूस सकाळच्या प्रहरात उरकतो. यंत्र आले, परंतु यंत्राच्या प्रकृतीचे ज्ञान तितक्याच वेगाने गावात आले नाही, ही गोष्ट मात्र खेदाने नमूद करावी लागते.

ग्रामपातळीवर काम करताना जी तक्रार वारंवार कानी येते, ती म्हणजे "गिअर बॉक्स तापतो" ही होय. या तक्रारीवर होणारा उपायही ठरून गेलेला आहे. मिस्त्री बोलाविला जातो, ट्रॅक्टर मध्यावर दोन भागांत सोडविला जातो, बेअरिंगे व सील बदलली जातात, नवे तेल भरले जाते आणि आठ-दहा दिवसांनी ट्रॅक्टर पुन्हा कामावर जातो. काही वेळा त्याचे तापणे थांबते, तर काही वेळा ते पूर्वीप्रमाणेच चालू राहते. मग दुसरा मिस्त्री येतो.

प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत असे आहे की, गिअर बॉक्स उघडणे ही निदानाची शेवटची पायरी असावयास पाहिजे. आज ती पहिली पायरी झाली आहे आणि यातच शेतकऱ्याचा पैसा व हंगाम दोन्ही वाया जात आहेत. फळछाटणीनंतर बागेवर पाऊस पडला आणि केवडा रोगाची भीती उभी राहिली, तर फवारणी आठ दिवस थांबू शकत नाही. अशा वेळी ट्रॅक्टर अंगणात दोन तुकड्यांत पडलेला असणे म्हणजे वर्षाच्या पिकावर पाणी सोडण्याजोगे होय.

ताप हा रोग नव्हे, लक्षण होय

जनावराचे अंग गरम लागले म्हणजे कोणताही समंजस शेतकरी त्याचे पोट फाडून पाहात नाही. तो प्रथम विचार करतो : काल याने काय खाल्ले, उन्हात किती राबले, रवंथ करते की नाही, एखादी जखम चिघळली आहे काय? यंत्राच्या बाबतीत मात्र हाच शेतकरी ही विचारपूस विसरतो. वास्तविक यंत्राची विचारपूस जनावराच्या मानाने सोपी आहे, कारण यंत्रातील उष्णता एका ठरावीक हिशेबाने निर्माण होते.

तो हिशेब असा. इंजिनाकडून निघालेली शक्ती चाकांपर्यंत व पी.टी.ओ.पर्यंत जाताना वाटेत दातांच्या घासण्याने, बेअरिंगांच्या फिरण्याने व तेल घुसळले गेल्याने थोडीथोडी खर्ची पडते. ही खर्ची पडलेली शक्ती नाहीशी होत नाही. तिची उष्णता होते. सुस्थितीतील गिअरांच्या एका जोडीत साधारणतः शेकडा एक ते दोन इतकी शक्ती जाते. अशा चार-पाच जोड्या व तेलाचे घुसळणे मिळून वीस अश्वशक्तीच्या, म्हणजे सुमारे १५ किलोवॅटच्या ट्रॅक्टरात शेकडा दहा शक्ती वाटेत गेली असे धरू. ही झाली दीड किलोवॅट. घरात बादलीतील पाणी तापविण्याकरिता जी १,५०० वॅटची विजेची कांडी आपण वापरतो, तशी एक कांडी पूर्ण भार असता गिअर बॉक्सच्या तेलात सतत चालू आहे असे समजावे.

ही एक कांडी प्रत्येक चांगल्या ट्रॅक्टरात असतेच. तिची उष्णता बीडाच्या कवचातून हवेत जाते व तेलाचे तापमान एका पातळीवर स्थिरावते. तेव्हा गिअर बॉक्स गरम होणे हा मुळीच दोष नव्हे. तो नेहमीपेक्षा अधिक तापू लागला तर दोनच गोष्टी संभवतात : एक तर आत दुसरी कांडी पेटली आहे, किंवा पहिल्या कांडीची उष्णता बाहेर जाण्याचा मार्ग बंद झाला आहे. निदान करावयाचे म्हणजे या दोहोंपैकी काय घडले आहे व ते कोठे घडले आहे, एवढेच शोधावयाचे.

अमेरिकेत अनेक लहान ट्रॅक्टरांत गिअरांच्या जोडीला तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रोस्टॅटिक रचना असते. तिच्यात वाटेत खर्च होणारी शक्ती अधिक असल्यामुळे ती अधिक तापते. तेथे भारी कामास हलकी रेंज निवडणे, गाळणी वेळेवर बदलणे व थंड करण्याचा पंखा स्वच्छ राखणे यांस फार महत्त्व आहे. आपल्याकडील लहान ट्रॅक्टर बहुतांशी दातांच्या गिअरांचे आहेत. रचना निराळी असली तरी उष्णतेचा हिशेब तोच राहतो.

हाताने पाहणे फसवे असते

"हात ठेववत नाही" हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. परंतु साठ अंश सेल्सियसच्या आसपास तापलेल्या लोखंडावरही माणसाला हात दोन-चार सेकंदांपलीकडे ठेववत नाही, आणि पंचाण्णव अंशांच्या लोखंडावरही ठेववत नाही. पहिले तापमान भर कामात पूर्णपणे स्वाभाविक आहे, तर दुसरे धोक्याचे आहे. हाताला मात्र हा फरक समजत नाही. म्हणूनच हात लावून केलेल्या निदानावर हजारो रुपयांचा खर्च उभारणे योग्य नाही.

दुरून तापमान दाखविणारे इन्फ्रारेड थर्मामीटर आता बाजारात सहज मिळते व त्याची किंमत तेल बदलण्याच्या खर्चापुढे जड वाटण्याजोगी नाही. येथे एक सूचना आवश्यक आहे. २०२० साली कोविडच्या साथीत गावोगावी जी कपाळाचा ताप पाहण्याची यंत्रे आली, ती या कामी उपयोगाची नाहीत. ती माणसाच्या शरीराच्या तापमानाच्या आसपासचेच आकडे दाखवितात. यंत्रकामाकरिता निराळे, दीडशे अंशांच्या वर मोजणारे थर्मामीटर घ्यावे. तसेच चकचकीत धातूवर ते प्रत्यक्षाहून कमी आकडा दाखविते, म्हणून रंग असलेल्या व धूळ पुसलेल्या जागीच माप घ्यावे.

माप घेण्याची रीत पुढीलप्रमाणे असावी. खडूने पाच जागा कायमच्या ठरवाव्यात : क्लचचे कवच, गिअर बॉक्सची बाजू, मागील डिफरन्शियलचा भाग, डाव्या चाकाकडील ब्रेकची जागा व उजव्या चाकाकडील ब्रेकची जागा. चारही चाकांना शक्ती देणारा ट्रॅक्टर असल्यास पुढील आसाचा मध्य ही सहावी जागा धरावी. ट्रॅक्टर एक तास नेहमीच्या कामावर चालवावा. नंतर पी.टी.ओ. सोडवून, अवजार जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, किल्ली काढून व हातब्रेक लावून मगच जवळ जावे व मापे घ्यावीत. त्याच वेळी सावलीतील हवेचे तापमानही लिहावे. मे महिन्यात हवाच बेचाळीस अंशांची असेल, तर डिसेंबरातील आकड्याशी तुलना करताना हा फरक वजा केला पाहिजे.

हवा पस्तीस अंशांची असता भर कामात गिअर बॉक्सचे कवच सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत जाणे अनेक यंत्रांत स्वाभाविक असते. आकडा शंभराच्या घरात जाऊ लागला तर काम थांबवावे. तेल फार तापले की ते लवकर जुने होते. तापमानात दर दहा अंशांची वाढ झाली की तेल खराब होण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा सामान्य ठोकताळा आहे. रबरी सीलही अशा उष्णतेत कडक होऊन गळू लागतात. पण नेमक्या आकड्याहूनही महत्त्वाची आहे ती तुलना : आपल्याच ट्रॅक्टरचे आजचे माप मागील महिन्यातील मापाच्या किती वर गेले आणि एका जागेचे माप दुसरीच्या किती वर आहे.

जागा बोलते

पाच जागांचे आकडे शेजारी शेजारी मांडले की बरेचसे निदान तेथेच होते.

केवळ क्लचचे कवच इतरांहून फार तापलेले असेल, तर गिअर बॉक्सकडे पाहण्याचे कारण नाही. क्लच प्लेट घसरत असावी किंवा चालकाचा पाय क्लचवर टेकलेला राहात असावा. क्लचच्या पायदांडीस माहितीपुस्तिकेत दिल्याइतकी मोकळी चाल आहे की नाही, हे प्रथम पाहावे.

एकाच चाकाकडील बाजू तापलेली असेल, तर त्या बाजूचा ब्रेक चिकटून राहतो किंवा त्या बाजूचे बेअरिंग बिघडले आहे, असे समजावे. बागेतील ओळीच्या टोकाला अरुंद जागेत वळताना एकाच बाजूच्या ब्रेकवर जोर देण्याची सवयही याला कारण होते. पुढील चाकांना पाचर लावून, मागील चाक जॅकवर उचलून व जॅकच्या जोडीला भक्कम ठोकळा देऊन, गिअर न्यूट्रल ठेवून व हातब्रेक सोडून ते चाक हाताने फिरवून पाहावे. दोन्ही चाकांच्या फिरण्यात फरक असला तर तो हाताला लगेच जाणवतो.

मागील भाग, विशेषतः हायड्रॉलिकच्या जवळचा, अधिक तापला असेल आणि लिफ्ट वर घेतल्यावर शिट्टीसारखा आवाज सतत येत असेल, तर पंप विनाकारण पूर्ण दाबावर चालत आहे असे मानावे. कित्येक चालक लिफ्टची दांडी अगदी टोकाला नेऊन तेथेच अडकवितात. अवजार पूर्ण वर गेल्यावरही पंप तेल ढकलीत राहतो, ते तेल दाबाच्या झडपेतून परत येते व त्यातील सगळी शक्ती उष्णतेत जाते. ही झाली आपली दुसरी कांडी. दांडी किंचित मागे घेतली की आवाज बंद होतो. तसे होऊनही आवाज थांबत नसेल, तर मात्र झडप व जोडण्या कुशल माणसाकडून तपासून घ्याव्यात.

सर्व जागा सारख्याच प्रमाणात तापलेल्या असतील, तर दोष एखाद्या भागाचा नसून तेलाचा, भाराचा किंवा थंड होण्याच्या मार्गाचा आहे, असा तर्क करावा.

तेलाची साक्ष

बऱ्याच लहान ट्रॅक्टरांत गिअर बॉक्स, डिफरन्शियल व हायड्रॉलिक या तिन्हींना एकच तेल असते. त्यामुळे तेलातील चूक तिन्ही ठिकाणी भोवते. तेल कमी असले तर यंत्र घासते हे सर्वांस ठाऊक आहे. तेल जास्त असले तरीही यंत्र तापते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. प्रमाणाबाहेर भरलेल्या तेलात गिअर बुडून फिरतात, तेल घुसळले जाऊन फेसाळते आणि फेसाळलेले तेल धड वंगणही देत नाही व उष्णताही नेत नाही.

निफाड तालुक्यातील एका बागाईतदाराच्या ट्रॅक्टरचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. दोन वेळा सील बदलूनही त्याचा गिअर बॉक्स तापत होता व तेल गळत होते. विचारपूस करता असे दिसून आले की, हायड्रॉलिक ट्रॉली जोडून, तिचा जॅक वर असतानाच तेलाची पातळी पाहण्यात येत असे. जॅकमध्ये गेलेले तेल पेटीत कमी दिसे, म्हणून वरून नवे तेल ओतले जाई. ट्रॉली खाली येताच जॅकमधील तेल परत येऊन पेटी काठोकाठ भरे. जास्तीचे तेल काढून घेताच तापणे व गळणे दोन्ही थांबले. त्या कामास एक बादली व अर्धा तास पुरला.

म्हणून तेलाची पातळी पाहताना ट्रॅक्टर सपाट जागी उभा असावा, लिफ्टचे हात व ट्रॉली खाली असावी आणि इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटे गेलेली असावीत. नंतर तेल पाहण्याची पट्टी पुसून, पुन्हा घालून पातळी वाचावी.

पातळीनंतर रंग पाहावा. तेल दुधाळ दिसत असेल, तर त्यात पाणी शिरले आहे. शंका असल्यास डोळ्यांस आड धरून, तापलेल्या तव्यावर लांबून एक थेंब टाकावा. तडतडले तर पाणी आहेच. चिखलणीनंतर, तसेच गरम ट्रॅक्टर लगेच दाबाच्या पाण्याने धुतल्यानंतर असे होते. गरम पेटी एकाएकी थंड झाली की आतील हवा आकसते आणि हवेच्या छिद्रातून, सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. ट्रॅक्टर थंड झाल्यावरच धुवावा, हा नियम याकरिताच आहे. तेल काळे पडून करपट वास येत असेल, तर ते पूर्वी केव्हातरी फार तापले आहे. तेलात बारीक पोलादी चमक किंवा पितळी कण दिसत असतील, तर मात्र आतील भाग झिजत आहेत. तेव्हा पुढील काम थांबवून कुशल माणसास दाखवावे.

तिसरी गोष्ट तेलाच्या जातीची. दुकानात जे मिळाले ते घट्ट तेल ओतण्याची प्रथा घातक आहे. गिअर व हायड्रॉलिक यांना एकच तेल असलेल्या ट्रॅक्टरात केवळ गिअरकरिता केलेले घट्ट तेल घातल्यास पंपाला ते नीट ओढता येत नाही. तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरात तर अयोग्य तेलाने ब्रेकही बिघडतात. माहितीपुस्तिकेत जी जात दिली आहे, तीच घ्यावी. तेलाची जाळी व गाळणी घाणीने भरली असेल तरी पंप आवाज करतो व तापतो. तेव्हा तेलाबरोबर गाळणीही ठरल्या तासांनी साफ करावी किंवा बदलावी.

भार, चाल व धूळ

चालविण्याची रीत हेही निदानाचे एक अंग आहे, आणि तेच बहुधा विचारात घेतले जात नाही. अठरा-वीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरास साधारणतः तीन फुटांच्या आसपासचा रोटाव्हेटर पेलतो. शेजाऱ्याकडील मोठा रोटाव्हेटर जोडून, बोथट पात्यांनी, ओल्या चिकणमातीत पूर्ण खोलीवर काम घेतले तर यंत्र तापणारच. येथे दोष गिअर बॉक्सचा नसून जोडणाऱ्याचा आहे. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून कार्यरत असलेल्या केंद्र शासनाच्या संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते व पी.टी.ओ.वर प्रत्यक्ष किती शक्ती मिळते, ते तिच्या अहवालांत नमूद असते. अवजार निवडताना इंजिनाच्या अश्वशक्तीचा नव्हे, तर पी.टी.ओ.वरील शक्तीचा आकडा धरावा.

चारही चाकांना शक्ती देणाऱ्या ट्रॅक्टरांत आणखी एक कारण संभवते. अशा ट्रॅक्टरांची पुढील चाके मागील चाकांच्या मानाने किंचित अधिक अंतर तोडतील, अशीच रचना असते. मऊ जमिनीत हा फरक घसरण्यात जिरतो. डांबरी रस्त्यावर तो जिरत नाही. पुढील व मागील आस एकमेकांविरुद्ध ताणले जातात व ती ओढाताण उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. तासगाव भागातील एका ट्रॅक्टरची पुढील आसाची जागा नेहमी रस्त्याच्या फेरीनंतरच तापत असे, शेतात नव्हे. पुढील चाके जोडण्याची दांडी रस्त्यावरही लावलेलीच राहात होती. दांडी सोडून तीच फेरी केली असता तापमान पूर्ववत झाले. पुढील टायर मूळ मापाहून निराळ्या मापाचे बसविले, तरीही हाच परिणाम होतो. तेव्हा टायर बदलताना माप ताडून पाहावे.

शेवटी धूळ व चिखल. गिअर बॉक्सच्या पोटाला चिकटलेला वाळका चिखल, त्यावर फवारणीचे औषध व तेल यांचा बसलेला थर हे एक जाड घोंगडेच होय. बागेत ब्लोअर चालविताना ट्रॅक्टर मंद गतीने जातो, पी.टी.ओ. सतत पूर्ण गतीवर असतो व दाट ओळींत वाराही लागत नाही. अशा कामात कवच स्वच्छ असण्याचे महत्त्व दुप्पट होते. पेटीला हवा घेण्याकरिता असलेले छिद्र बुजले, तर आत दाब वाढून सीलमधून तेल बाहेर येते. लोक मग सील बदलतात आणि छिद्र तसेच बुजलेले राहते.

एका वेळी एकच बदल

निदानाचा सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी व पुन्हा माप घ्यावे. तेल बदलले, ब्रेक सैल केला, रोटाव्हेटरची पाती नवी बसविली आणि तापणे थांबले, तर यांपैकी कशाने गुण आला हे कधीच कळत नाही. त्याच शेतात, त्याच गिअरमध्ये, तितकाच वेळ, फक्त पी.टी.ओ. सोडून चालवून पाहावे. तापमान उतरले तर कारण अवजारात वा पी.टी.ओ.च्या वाटेत आहे. न उतरले तर इतरत्र आहे. ही दोन तासांची परीक्षा आठ दिवसांची उघडझाप वाचवू शकते.

इतके सर्व करूनही एका ठरावीक जागेचे तापमान वाढतच राहिले, त्या जागी आवाज येऊ लागला किंवा तेलात धातूचे कण दिसले, तरच पेटी उघडावी. तीही स्वच्छ, झाकलेल्या जागी व जाणत्या माणसाकडूनच. बेअरिंगांचा ताण बारीक चकत्यांनी जुळवावा लागतो. तो चुकला तर नवे बेअरिंग जुन्याहून अधिक तापते. ट्रॅक्टर हमीच्या मुदतीत असल्यास परस्पर उघडल्याने हमी नाकारली जाण्याचा संभव असतो, हेही ध्यानात ठेवावे. अशा वेळी लिहून ठेवलेली मापे हाती असली, तर विक्रेत्याकडे आपले म्हणणे मांडणे सुलभ होते.

तपासणीची मजुरी द्यावी

या बाबतीत सर्व दोष मिस्त्रीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. गावातील मिस्त्री दोन तास खपून ब्रेक, तेल व क्लच पाहतो आणि "पेटी ठीक आहे, दांडी मागे घ्या" एवढेच सांगतो, तेव्हा त्याला आपण काय देतो? बहुधा एक कप चहा. तोच मिस्त्री पेटी सोडवितो तेव्हा त्याला हजारांत मजुरी मिळते. ज्या कामाचे दाम मिळत नाही ते काम कोण करील? शेतकऱ्यांनी निदानाला काम मानावे व त्याचे योग्य मोल रोख द्यावे. दोनशे-पाचशे रुपये तपासणीचे देण्यास जो नाखूष असतो, तोच पुढे वीस पटींनी उघडण्याचे देतो. डॉक्टरांची तपासणी फी आपण देतोच ना? मग यंत्राच्या वैद्याची का देऊ नये?

आमच्या शेतीविस्ताराच्या कामाविषयीही दोन शब्द बोलणे आवश्यक आहे. २०१४-१५ पासून केंद्र शासनाच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाखाली यंत्रांना अनुदान दिले जात आहे व त्यामुळे अनेक लहान शेतकऱ्यांच्या दारी ट्रॅक्टर आला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु किती यंत्रे दिली या आकड्याइतकेच, त्यांपैकी किती यंत्रे हंगामाच्या दिवशी चालू होती, हाही आकडा विचारला गेला पाहिजे. उभ्या ट्रॅक्टरचे हप्ते मात्र चालूच राहतात. काही सहकारी म्हणतात, "आम्ही पिकांचे जाणकार, यंत्र हे मेकॅनिकचे काम." हे म्हणणे पटण्याजोगे नाही. पाना हाती घेणे हे आपले काम नव्हे, हे मान्य. पण योग्य क्रमाने प्रश्न विचारावयास शिकविणे हे विस्तार कार्यकर्त्याचेच काम आहे. पानावरील डाग पाहून आपण जसे आधी विचारतो, "पाणी केव्हा दिले, फवारणी कशाची केली?", तसेच येथेही विचारावयाचे.

याकरिता ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी हाती घ्याव्यात, असे सुचवावेसे वाटते. प्रत्येक गावात शेतकरी गटाकडे किंवा अवजार बँकेकडे यंत्रकामाचे एक इन्फ्रारेड थर्मामीटर असावे. फळछाटणीपूर्वी, सप्टेंबरच्या आरंभी, गावातील सर्व लहान ट्रॅक्टरांची पाच जागांची मापे एका दिवशी घ्यावीत. प्रत्येक ट्रॅक्टरच्या मडगार्डवर तेलाची जात, तेल किती लिटर व पुढील बदल किती तासांवर, या तीन ओळी रंगाने लिहाव्यात. माहितीपुस्तिका हरवते, मडगार्ड हरवत नाही. आणि प्रत्येक ट्रॅक्टरबरोबर एक वही असावी, जिच्यात तारीख, हवेचे तापमान, काम, गिअर, चाललेले तास व पाच जागांचे आकडे लिहिले जातील. भाड्याने देण्याच्या ट्रॅक्टरावर चालक बदलत असतात, म्हणून तेथे ही वही अत्यावश्यक समजावी. ज्या घरी मुले-मुली शाळेत जातात, तेथे ही वही त्यांच्या हाती द्यावी. आकडे वेळच्या वेळी व नेटके लिहिण्याचे काम ती चांगले करतात.

शेतकरी बंधूंनो व भगिनींनो, आपल्या वाडवडिलांनी बैलाच्या चालीवरून, कानावरून, शेणावरून त्याची प्रकृती ओळखली. ट्रॅक्टर मुका असला तरी तापमान, आवाज, रंग व वास यांच्या रूपाने तोही बोलत असतो. त्याचे बोलणे लिहून ठेवा, एक-एक गोष्ट ताडून पाहा, तपासणाऱ्यास त्याचे मोल द्या, आणि एवढे झाल्यावर गरज उरलीच तर पाना हाती घ्या. येत्या हंगामाच्या आधी आपल्या ट्रॅक्टरच्या पाच जागांचे पहिले माप वहीत लिहिलेले असेल, असे प्रत्येकाने आजच ठरवावे.